पत्रिकेची फाईल घरच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही? सॉफ्टवेअर शोधण्याआधी हे वाचा

कात्रज : लग्नसराई आली की भोर, वेल्ह्याकडची बरीच मंडळी पत्रिका छापायला घाट उतरून कात्रजला येतात. प्रूफची फाईल व्हॉट्सअॅपवर येते, पण घरच्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही. उघडलीच तर नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा काला दिसतो. मग प्रूफ न बघताच 'छापा' म्हटलं जातं. तारीख चुकली किंवा निमंत्रकांत मामांचं नाव राहिलं, की पैसे वाया आणि रुसवेफुगवे वेगळेच.

असं का होतं?

पत्रिका बहुधा कोरल ड्रॉ किंवा पेजमेकरमध्ये करतात. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ सालची. मराठीसाठी पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम असतं. यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. तो फॉन्ट घरी नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाईल बिघडलेली नसते. मोबाईलवर आपण टाईप करतो ते युनिकोड, म्हणून ते सगळीकडं नीट दिसतं.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

▪ नुसतं बघायचं असेल तर विकत काहीच घेऊ नका. प्रेसवाल्याकडं 'फॉन्टसकट पीडीएफ' मागा. ती क्रोम किंवा एजमध्येच उघडते.

▪ कोरलची फाईल असेल तर अक्षरं 'कर्व्ह' करून पीडीएफ द्यायला सांगा. अक्षरांचं चित्र होतं, फॉन्ट लागत नाही.

▪ जुनी सीडीआर किंवा पेजमेकरची फाईलच हाती असेल, तर लिब्रेऑफिस ड्रॉ हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडून बघा. मांडणीचा अंदाज येतो. पण फॉन्ट नसेल तर मजकूर त्यावर तपासू नका.

▪ 'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. त्यासोबत व्हायरस येऊ शकतो.

प्रूफ तपासताना

नावं, तारीख, वार, मुहूर्त, स्थळ आणि फोन नंबर घरातल्या दोघांनी वेगवेगळे वाचावेत. तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून बघा. दुरुस्ती फोनवर न सांगता मेसेजमध्ये लिहून पाठवा. दुरुस्त केलेली पीडीएफ पुन्हा मागवा, ती वाचा आणि मगच 'छापा' म्हणा.