पदपथावरील बिऱ्हाडे

मुंबईच्या पदपथावर बिऱ्हाड मांडून राहणाऱ्या माणसांच्या इतिहासाला आरंभाची तिथी मुक्रर करता येत नाही. परंतु ही माणसे ज्या दिवशी एकाएकी राज्यकारभाराचा विषय झाली, तो दिवस निश्चित सांगता येतो. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी असे जाहीर केले की, शहरातील पदपथांवर राहणाऱ्या सर्वांना सक्तीने उठवून आपापल्या मूळ गावी अथवा शहराच्या हद्दीबाहेर रवाना करण्यात येईल, आणि या कामी पोलीस आयुक्तांनी महापालिकेस साहाय्य करावे. या फर्मानाच्या समर्थनात भूतदयेचा अंशही होता. असले जिणे माणसाला साजेसे नाही, खोपटी तकलादू आहेत, पावसाळ्यात त्यांत राहणे म्हणजे निव्वळ हाल, असे सांगण्यात आले. आणि पावसाळ्यातील हालांचा इतका कळवळा आलेल्या सरकारने भर जुलैतच खोपटी मोडून माणसे एस.टी.च्या गाड्यांत भरली.

ही माणसे कोण होती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद झालेल्या दोघा अर्जदारांच्या हकिकतींवरून चांगले कळते. पहिला तामिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ मध्ये मुंबईस आला आणि दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात २३ रुपये रोजावर लागला. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कडेला प्लास्टिक आणि कॅनव्हासचा जो आडोसा त्याला मिळाला, त्यासाठी एका झोपडपट्टीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले होते. तेथे तो पत्नी व तीन मुलींसह राही. दुसरा संगमनेरचा चर्मकार. गावी दिवसाकाठी सात-आठ रुपये मिळत. राहते घर कोसळले, तेव्हा १९६९ मध्ये तो मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने तेथील गुंडाला ३०० रुपये मोजले, आणि बांबू व प्लास्टिक यांवर आणखी ७०० खर्च केले. म्हणजे पहिल्याची शंभराहून अधिक दिवसांची मजुरी आणि दुसऱ्याचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार त्या चार हात जागेत गेला होता. हे लोक फुकट राहतात, असा जो समज पक्क्या भिंतींच्या आत बसून करून घेतला जातो, त्याला या आकड्यांपुढे फारसा आधार उरत नाही. सेलमच्या मजुराचे खोपट २३ जुलैला मोडले व कुटुंबासह त्याला सेलमच्या गाडीत बसविले. पत्नी व मुली तेथे राहिल्या, आणि तो कामासाठी परत येऊन पुन्हा एका पदपथावर स्थिरावला. संगमनेरच्या चर्मकाराचे खोपट तर जानेवारी १९८० मध्येच पाडले गेले होते. त्याने ते पुन्हा उभे केले. महापालिकेची गाडी आली की आडगल्लीत सरकायचे, ती गेली की मूळ जागी परतायचे, हा उभय पक्षांना पाठ झालेला शिरस्ताच होता.

पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांच्या अर्जांवर १० जुलै १९८५ रोजी, म्हणजे आपल्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठातर्फे निकाल दिला. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे या निकालातील तत्त्व पुढे जगभर गाजले. न्यायालयाने हेही मान्य केले की, ही माणसे पदपथाला चिकटून राहतात ती काम तेथून जवळ आहे म्हणून. जागा गेली तर रोजगार जातो. परंतु इतके मान्य करूनही निष्कर्ष असा निघाला की, पदपथ वाटसरूंसाठी आहे, १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे ३१४ वे कलम वैध आहे, आणि ३१ ऑक्टोबरनंतर, पावसाळा सरल्यावर, झोपड्या हटविण्यास मुभा आहे. ज्यांची नोंद १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत होऊन ओळखपत्रे मिळाली असतील, त्यांना मात्र पर्यायी जागा द्यावी. आता त्या गणनेतून पदपथ बव्हंशी राहूनच गेले होते! अर्जदार आपले काम किती अंतरावर आहे ते सांगत होते. न्यायालयाने ते सहृदयतेने ऐकले, आणि दिलासा मात्र तारखेवर बेतला. माझ्या मते पुढील सगळा इतिहास याच विसंगतीत अडकून पडला आहे.

ऑक्टोबरच्या मुदतीची धास्ती घेऊन बसलेल्या भायखळ्याच्या पदपथांवर त्याच वर्षी एक वेगळे काम झाले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेने पदपथावरील सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली आणि तिच्या अहवालाला ‘आम्ही, अदृश्य’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. गणतीत नसलेल्या माणसांनी स्वतःच स्वतःची गणती करावी, यातला उपरोध सरकारी दप्तराला बोचला नसला, तरी आकडे उपयोगी पडले. ज्या सरसकट मोहिमेचे भय होते ती झाली नाही. तुरळक तोडफोड चालूच राहिली. त्यातून बायकांनी काढलेली तोड मोठी व्यवहारी होती: गाडी येताना दिसली की त्या स्वतःच खोपट उतरवीत, नाहीतर बांबू, ताडपत्री आणि भांडीकुंडी गाडीत पडत, आणि ती नव्याने जमविताना पुन्हा कर्ज होई. याच बायकांतून महिला मिलन ही संघटना उभी राहिली. त्या रोज घरोघर फिरून बचत गोळा करीत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी निरनिराळ्या रकमांना निरनिराळ्या रंगांचे कागद ठरले होते. घराचा आराखडा करावयाची वेळ आली, तेव्हा त्यांनी चौदा फूट उंचीची खोली आणि तिच्या निम्म्या भागावर माळा, अशी तजवीज सुचविली. वास्तुशास्त्राचे शिक्षण न घेता केलेली ही रचना पदपथावरच्या अनुभवातून आलेली होती, कारण तेथे रुंदी वाढवता येत नाही.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली, तेव्हा पदपथवासीयांनाही तिच्यात पात्र धरले गेले. हा विजय लहान नव्हता, आणि तो भायखळ्याच्या या बायकांच्या दशकभराच्या चिकाटीचा होता. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा रहिवास सिद्ध करा आणि २२५ चौरस फुटांची खोली घ्या, असा हा करार. भायखळ्याच्या काही कुटुंबांनी मानखुर्दला मिलन नगर उभारले. तारीख मग १ जानेवारी २००० वर सरकली, नंतर आणखी पुढे आली. प्रत्येक निवडणुकीच्या सुमारास ती सरकते, हा आता लोकांच्या हिशेबातला भाग झाला आहे, आणि जुने रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपण्याची सवय त्यातूनच लागली. अंतराचे मात्र उलट झाले. भायखळ्याच्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या, किंवा बाजारात पाटी वाहणाऱ्या माणसाला मानखुर्दहून यायचे तर रेल्वेचा पास काढावा लागतो आणि पहाटेची गाडी पकडावी लागते. पूर्वी हे काम चालत जाण्याच्या टप्प्यात होते.

ज्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचा तुकडाही नाही, त्यांची गोष्ट याहून उशिरा सुरू झाली. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभरच्या बेघरांची मोजणी झाली व ती सुमारे १७.७ लाख भरली. रात्रीच ज्यांचे काम चालते असे हमाल आणि हॉटेलातली पोरे त्या रात्री झोपलेली सापडण्याचा संभव अर्थातच कमी. शहरात लाखामागे एक कायम निवारा असावा, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून ठरले, आणि २०१३ नंतरच्या केंद्रीय योजनेत तो निवारा शक्यतो कामाच्या जागेजवळ असावा, असे स्पष्ट लिहिले गेले. सव्वा कोटी वस्तीच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशे निवारे लागतील. उभे राहिलेले निवारे त्या संख्येच्या आसपासही नाहीत. जे आहेत त्यांतले पुष्कळसे मुलांसाठी राखलेले असून, नवराबायको, मुले आणि चुलीसह कुटुंबाला राहता येईल असे त्यांत फारच थोडे.