दुसऱ्या भागाची पत

पेढीवर नवी पिढी बसली की पहिल्या दिवशी गिऱ्हाईक येते ते जुन्या नावावर. दुसऱ्यांदा ते येते नव्या माणसाचा व्यवहार पाहून. गाजलेल्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाची गत याहून वेगळी नसते. पहिला भाग मनात घर करून बसलेला चाहता दुसऱ्या भागाची घोषणा होताच मोहरून जातो. झलक पुन्हा पुन्हा पाहतो, पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाची तिकिटे आगाऊ काढून ठेवतो आणि पात्रांविषयी घरच्या माणसांबद्दल बोलावे तसा बोलू लागतो. निर्मात्याच्या दृष्टीने ही उत्सुकता म्हणजे चित्रपट दाखविण्यापूर्वीच मिळालेली उधारी होय. तिला तारण एकच, पहिल्या भागाचे नाव. त्या नावावर किती उचल करायची आणि ती कशी फेडायची, यावर दुसऱ्या भागाची योग्यता ठरते.

हिंदी चित्रसृष्टीत या प्रश्नाचा कस लागला तो २००६ साली. जून महिन्यात ‘कोई मिल गया’च्या पुढचा भाग म्हणून ‘क्रिश’ आला, त्याच महिन्यात ‘फिर हेरा फेरी’ आला, १ सप्टेंबरला ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि नोव्हेंबरमध्ये ‘धूम २’. एकाच वर्षी चार गाजलेल्या चित्रपटांचे वारसदार पडद्यावर आले आणि चाहत्यांना वर्षभर दिवाळी वाटली. या चौघांपैकी नागपूरकरांचा जीव अर्थातच ‘लगे रहो’मध्ये अधिक गुंतलेला होता. त्याचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी हे नागपूरचेच.

टंकलेखन वर्गातून चित्रपटाकडे

हिरानी यांचा जन्म २० नोव्हेंबर १९६२ चा. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या असंख्य कुटुंबांपैकी त्यांचे एक. वडील सुरेश हिरानी यांनी नागपुरात टंकलेखनाचे वर्ग चालविले आणि त्यावर संसार उभा केला. मुलाने वाणिज्य शाखेची पदवी घेतली. त्याने सनदी लेखापाल व्हावे, अशी घरची अपेक्षा होती. व्यापारी कुटुंबांतील वाचकांना ही अपेक्षा परकी वाटणार नाही. मुलगा मात्र रमला तो नाटकांत. अखेर वडिलांनी त्याच्या मनाचा कौल मानला आणि तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. तेथे त्याने संकलनाचे शिक्षण घेतले. नंतर जाहिरातपटांच्या क्षेत्रात काही वर्षे काढली, २००० साली आलेल्या ‘मिशन काश्मीर’चे संकलन केले, आणि १९ डिसेंबर २००३ रोजी विधु विनोद चोप्रा यांची निर्मिती असलेला ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ हा त्याचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला.

संकलकाचे काम हिशेबनिसासारखेच असते. कोणती नोंद ठेवायची आणि कोणती खोडायची, हे त्याला ठरवावे लागते. हिरानी यांच्या चित्रपटांत फापटपसारा क्वचितच आढळतो, त्याचे मूळ बहुधा या शिक्षणात असावे.

जुने नाव, नवे भांडवल

पहिला ‘मुन्नाभाई’ घरोघरी पोहोचला. सर्वांगसुंदर मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. अशा वेळी दुसरा भाग काढण्याचा सोपा मार्ग समोर होता. तेच रुग्णालय, तेच डॉक्टर, तीच नायिका आणि मुन्नाच्या वैद्यकीय करामतींचे पुढचे वर्ष दाखविले असते, तरी तिकीटबारीवर रांग लागलीच असती. हिरानी आणि त्यांचे सहलेखक अभिजात जोशी यांनी तसे केले नाही. मुन्ना आणि सर्किट ही जोडी, म्हणजे संजय दत्त आणि अर्शद वारसी, तेवढी कायम ठेवली. कथा, नायिका, खलनायक, सारे नवे आणले. पहिल्या भागात मुन्नाच्या वडिलांची भूमिका करणारे सुनील दत्त मे २००५ मध्ये निवर्तले होते. दुसऱ्या भागात त्यांच्या जागी दुसरा नट उभा करण्याचा मोहही टाळला गेला. बोमन इराणी दोन्ही भागांत आहेत, परंतु पहिल्यात ते रुग्णालयाचे करारी प्रमुख होते आणि दुसऱ्यात घर बळकावणारा बांधकाम व्यावसायिक.

सर्वांत मोठे धाडस होते ते महात्मा गांधींना पडद्यावर आणून दादागिरी करणाऱ्या मुन्नाच्या शेजारी बसविण्याचे. ही भूमिका ‘चिमणराव’ म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या दिलीप प्रभावळकरांनी केली. नागपुरात वाढलेल्या दिग्दर्शकाला गांधी दूरचे वाटले नसावेत. असहकाराच्या ठरावावर काँग्रेसने शिक्कामोर्तब केले ते डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात, आणि १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम असलेले सेवाग्राम नागपूरहून फार दूर नाही.

व्यापारी घरातील वाचकाच्या मनात या चित्रपटातील एक प्रसंग अधिक खोल रुततो. एक तरुण वडिलांचे पैसे शेअर बाजारात गमावून बसतो आणि जीव देण्याच्या टोकाला येतो. मुन्ना त्याला पैसे देत नाही, पळवाटही सुचवीत नाही. घरी जाऊन वडिलांना खरे सांग, एवढेच तो त्याला सांगतो. मुलगा ते सांगतो आणि पुढे कष्ट करून रक्कम फेडू लागतो. तोटा लपविल्याने वाढतो आणि कबूल केल्याने निदान मोजता येतो, हे पेढीवर बसणाऱ्या कोणालाही पटेल. परंतु मुलाने वडिलांसमोर उभे राहून ते उच्चारणे किती कठीण असते, हे त्या प्रसंगात दिसते. दुसऱ्या प्रसंगात निवृत्तिवेतनासाठी लाच मागणाऱ्या कारकुनापुढे एक वृद्ध अंगावरील कपडे एकेक करून काढून ठेवतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो खरा, पण तो हसणाऱ्याच्या घशात अडकतो.

पुरस्कारांचा मोसम

डिसेंबर सरला की व्यापारी घरांत वर्षअखेरीच्या ताळेबंदाची लगबग सुरू होते आणि चित्रपटाच्या चाहत्याचा वेगळाच ताळेबंद सुरू होतो. कोणाला नामांकन, कोणावर अन्याय, बाहुली कोणाच्या हाती, यांवर घराघरांत पैजा लागतात. २००६ च्या चित्रपटांचा हा मोसम ‘लगे रहो’च्या चाहत्यांसाठी आंबटगोड ठरला. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून ‘रंग दे बसंती’ची निवड झाली आणि त्यालाही नामांकन मिळू शकले नाही. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही ‘रंग दे बसंती’ने मिळविला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार ‘धूम २’साठी हृतिक रोशन यांना गेला. त्या वर्षी कमाईतही ‘धूम २’च आघाडीवर होता. ‘लगे रहो’च्या वाट्याला फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार, तसेच कथा, संवाद आणि विनोदी भूमिका यांचे पुरस्कार आले.

राष्ट्रीय पुरस्कारांची घोषणा व्हायला २००८ साल उजाडले. तोपर्यंत पैजा लावणारेही ते विसरले होते. त्या यादीत मात्र ‘लगे रहो’चे नाव चार वेळा होते: लोकप्रिय चित्रपट, पटकथा, स्वानंद किरकिरे यांची गीतरचना आणि प्रभावळकरांचा साहाय्यक अभिनय. प्रभावळकरांच्या पुरस्कारात ‘शेवरी’ या मराठी चित्रपटाचाही वाटा होता.

राष्ट्रीय पुरस्कारांच्या घोषणेच्या बरीच आधी चित्रपटाची खरी वसुली सुरू झाली होती. १० नोव्हेंबर २००६ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात त्याचा खेळ झाला. ‘गांधीगिरी’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. जुलै २००७ मध्ये अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मागणाऱ्या नोकरदारांचे अर्ज स्वीकारण्याचे तेथील शासनाने आयत्या वेळी नाकारले, तेव्हा तेथील भारतीयांनी घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी संबंधित कार्यालयाच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. त्या अधिकाऱ्यांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पोहोचविली आणि त्याच महिन्यात शासनाने आपला निर्णय मागे घेतला. निर्णय फिरण्यामागे कायदेशीर दबावही होता, हे खरे. तरीही एका विनोदी चित्रपटाच्या दुसऱ्या भागातून शिकलेली रीत सातासमुद्रापलीकडे माणसांनी स्वतःच्या अडचणीत वापरून पाहिली. असा जमाखर्च कोणत्याही पुरस्काराच्या यादीत मांडता येत नाही.

न काढलेला तिसरा भाग

एवढ्या यशानंतर तिसरा भाग येणार हे गृहीतच होते. ‘मुन्नाभाई चले अमेरिका’ या नावाची झलक २००७ साली चित्रपटगृहांत दाखविलीही गेली. चाहत्यांनी दिवस मोजायला सुरुवात केली. तो चित्रपट मात्र झाला नाही. हिरानी यांनी पुढे ‘थ्री इडियट्स’, ‘पीके’, ‘संजू’, ‘डंकी’ असे वेगळे विषय हाताळले. आधीच्या दोन भागांच्या तोडीची संहिता हाती आल्याशिवाय तिसरा भाग करायचा नाही, ही त्यांची भूमिका त्यांनी वेळोवेळी मांडली आहे.

चाहत्याला हे कडू वाटते. ज्याने २००३ साली आईवडिलांसोबत पहिला भाग पाहिला, त्याची मुले आता महाविद्यालयात जाऊ लागली आहेत आणि तो अजून तिसऱ्या भागाची विचारपूस करतो. नुसते नाव लावले असते तरी पहिल्या आठवड्याची कमाई हमखास होती. हाती आलेली अशी संधी सोडणे हा व्यवहारज्ञानाचा अभाव, असेही काहींना वाटेल. परंतु ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या उधारी दिली आणि घेतली, त्यांना ठाऊक असते की जेवढी उचल मिळू शकते तेवढी करायचीच असते असे नाही. फेडण्याजोगा माल हाती नसताना केवळ नावावर उचल केली, तर रक्कम एकदाच मिळते आणि नाव कायमचे जाते.

म्हणून पुढल्या वेळी एखाद्या गाजलेल्या चित्रपटाच्या नव्या भागाची झलक येईल आणि घरातील मुले तिकिटांसाठी हट्ट धरतील, तेव्हा त्यांच्या उत्साहावर विरजण घालण्याचे कारण नाही. ती मुले आपला विश्वास आगाऊ देऊन बसलेली असतात, आणि विश्वास देता येणे ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त खेळ संपवून घरी परतताना त्यांना एवढे विचारावे, की आज जे आवडले त्यात जुने किती होते आणि नवे किती. हा हिशेब जी मुले मांडू लागतील, ती पुढे पेढीवर बसली तरी त्यांना तो उपयोगी पडेल.