देवयानी दीर्घिकेतला न दिसणारा हायड्रोजन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास खानदेशातल्या पिंपळनेर गावाबाहेरच्या अंधाऱ्या शिवारात उभे राहून पाहिले, तर डोक्यावरून थोडे उत्तरेकडे एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ही देवयानी दीर्घिका, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर असलेली आपली शेजारीण. तिच्यातला थंड हायड्रोजन मात्र कोणत्याही साध्या दुर्बिणीतून दिसत नाही. तो रेडिओ दुर्बिणीने टिपावा लागतो. या कामाविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : रेडिओ दुर्बीण अवकाशातले आवाज ऐकते.
वस्तुस्थिती : रेडिओलहरी हा प्रकाशाचाच एक प्रकार आहे, आवाज नव्हे. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनच्या गिरकीची दिशा उलटली की 21 सेंटिमीटर तरंगलांबीची लहर बाहेर पडते. व्हॅन डी हुल्स्ट यांनी 1944 साली हे भाकीत केले आणि 1951 साली युएन व पर्सेल यांनी ती लहर पकडली. एका अणूत ही घटना सरासरी सुमारे 1 कोटी वर्षांतून एकदा घडते. पण दीर्घिकेत अणूच इतके अफाट आहेत, की संकेत सतत मिळत राहतो.

गैरसमज : असे संशोधन परदेशातच होते.
वस्तुस्थिती : पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. सगळ्यांचे संकेत एकत्र जुळवून आकाशाचा बारकाईने नकाशा काढला जातो.

गैरसमज : अँटेनांतून घातक लहरी बाहेर पडतात.
वस्तुस्थिती : ही दुर्बीण लहरी फक्त ग्रहण करते. उलट आपले मोबाइल आणि प्रक्षेपकच तिच्या कामात व्यत्यय आणतात. ऊन वा पावसाळी ढग तिला फारसे अडवत नाहीत, म्हणून ती दिवसाही काम करते.

गैरसमज : तारे संपले की दीर्घिका संपली.
वस्तुस्थिती : हायड्रोजनची चकती बहुधा ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे जाते. एनजीसी 3741 या बटू दीर्घिकेत ती दृश्य त्रिज्येच्या आठपटींहून दूर पसरल्याचे जीएमआरटीच्या निरीक्षणांतून 2005 साली दिसले.

गैरसमज : वायू मोजून विशेष काही कळत नाही.
वस्तुस्थिती : तरंगलांबीत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून वायूचा वेग कळतो. देवयानीच्या बाहेरच्या भागातला वायू सेकंदाला 200 किलोमीटरहून अधिक वेगाने फिरतो. केंद्रापासून दूर जाताना हा वेग घटायला हवा, पण तो फारसा घटत नाही, असे रॉबर्ट्स आणि व्हाइटहर्स्ट यांनी 1975 साली दाखवले. दिसणाऱ्या ताऱ्यांचे आणि वायूचे गुरुत्वाकर्षण त्यासाठी पुरत नाही. कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षण असलेले द्रव्य, असल्याचा हा एक भक्कम आधार आहे.

हायड्रोजन हा नव्या ताऱ्यांचा कच्चा माल आहे. त्याचा नकाशा काढल्याशिवाय दीर्घिकेचा भूतकाळही कळत नाही आणि भविष्यही. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली केली जाते. खानदेशातल्या शाळांनी आपल्या मुलांना एकदा तरी तिथे अवश्य न्यावे.