मधली तेरा वर्षं कोणी वाजवलं?

भाचा धुळ्याहून आला, की आमच्या घरात एकही भांडं शांत बसत नाही. जेवण वाढेपर्यंत ताटावरच ठेका चालू! २०२३ च्या ऑक्टोबरात असाच आला होता. मी कळण्याच्या भाकरी थापत होते, आणि हा मोबाईल नाचवत स्वयंपाकघरात आला. "मामी, पोर्टनॉय परत आला!" मला वाटलं, कॉलेजातला कोणी मित्र घर सोडून गेलेला असेल.

तो निघाला माइक पोर्टनॉय, अमेरिकेतल्या 'ड्रीम थिएटर' नावाच्या बँडचा ड्रमवादक. बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतली बँजो पार्टी येते. हे तसलं नव्हे बरं का! याला म्हणतात प्रोग्रेसिव्ह मेटल. कर्कश गिटार, धडाडणारे ड्रम आणि एक गाणं तर चक्क २३ मिनिटांचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आधी मिक्सर बंद आहे ना ते पाहिलं. पण भाच्याने बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या, तेव्हा कान जरा उघडले. आपला रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा. यांच्या एकाच गाण्यात ही मोजणी सारखी बदलते, आणि त्यात सगळ्यांना धरून ठेवायचं काम ड्रमवाल्याचं.

१९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन पोरांनी हा बँड काढला. गिटारवाला जॉन पेट्रुची, बास गिटार वाजवणारा जॉन म्युंग आणि हा पोर्टनॉय. 'ड्रीम थिएटर' हे नावसुद्धा पोर्टनॉयच्या वडिलांनी सुचवलेलं. पंचवीस वर्षं झाली आणि २०१० मध्ये तो म्हणाला, आपण जरा थांबू या, सगळ्यांनाच विश्रांती हवी. बाकीच्यांना थांबायचं नव्हतं. सप्टेंबरात तो बाहेर पडला. काही महिन्यांतच त्याने विचारलं, परत येऊ का? पण तोवर दुसरा वादक ठरला होता. उत्तर आलं, नाही.

याच माणसाने २००० साली दारू सोडली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या आमच्यासारख्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांना पाठ असतात. त्या बारा पायऱ्यांवर त्याने २००२ ते २००९ या काळात, पाच अल्बममध्ये मिळून पाच गाणी रचली. हे ऐकल्यावर त्या गोंगाटाबद्दल मी वाकडं बोलणं बंद केलं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग सांगते. या तिन्ही मित्रांच्या बायका एकाच बँडमधल्या. 'मीनस्ट्रीक' हा न्यूयॉर्कचा फक्त बायकांचा मेटल बँड. १९८८ मध्ये त्यांचा अल्बमही आला होता. पेट्रुचीची रीना आणि पोर्टनॉयची मार्लीन तिथे गिटारवर, तर म्युंगची लिसा बासवर. नवऱ्यांचं बिनसलं, पण घराघरांतलं येणंजाणं सुटलं नाही. पुढे २०२० मध्ये पेट्रुचीने स्वतःचा वेगळा अल्बम केला, तेव्हा ड्रम वाजवायला पोर्टनॉयलाच बोलावलं. गायक जेम्स लाब्री मात्र दहा वर्षांहून जास्त काळ त्याच्याशी बोलत नव्हता. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाला पोर्टनॉय आला, दोघं भेटले आणि अबोला संपला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनपासून एकत्र दौरा सुरू झाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये नवा अल्बम आला. झोपेच्या विकारांवर आहे म्हणे. ते ऐकून झोप लागेल, असं मात्र कोणी समजू नये.

सगळे खूश. मी भाच्याला विचारलं, "अरे, मग मधली तेरा वर्षं कोणी वाजवलं?"

माइक मँजिनी. सात जणांच्या परीक्षेतून निवडलेला. बर्कलीतलीच शिकवण्याची नोकरी सोडून तो आला. पाच अल्बम वाजवले. २०२२ मध्ये बँडला पहिलं ग्रॅमी मिळालं, तेही याच्या वादनाच्या गाण्याला. आणि पुढच्याच वर्षी पहिला परत आला, म्हणून हा बाहेर. त्याने शांतपणे सांगितलं, की हा निर्णय मला समजतो. पोर्टनॉयच्या सगळ्या जागा भरणं हे माझं काम नव्हतंच, बँड चालू राहावा म्हणून ड्रम वाजवणं हे होतं. भाच्याला यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या हातातली भाकरी मात्र तव्यावर करपली.

मैत्रिणींनो, हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आमचं भजनी मंडळ. जळगावात कॉलनीतल्या आम्ही सात जणींनी ते सुरू केलं. ढोलकीवाली पहिल्या दिवसापासूनची. सहा वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ती म्हणाली होती, "यंदा स्पर्धा नको गं, एक वर्ष थांबू या." आम्हाला ढाल दिसत होती. थांबलो नाही. त्यात मीही होते. पुढे तिच्या यजमानांची बदली धुळ्याला झाली, आणि निरोपाचा चहासुद्धा झाला नाही.

शेजारच्या गल्लीतली अकरावीतली पोर आम्ही ढोलकीवर बसवली. सुरुवातीला हात चुकायचा तिचा, बायका तोंडावर बोलायच्या. ती शिकली. परीक्षा सांभाळून, लग्नाची स्थळं सांभाळून दर गुरुवारी आली. दोन ढाली आल्या त्या तिच्या हातावर.

आता यजमान निवृत्त झाले आणि ती परत जळगावात आली आहे. परवा भाजी बाजारात भेटली. मेथीची जुडी निवडत म्हणाली, "मंडळ चालू आहे ना गं?" एवढंच. परत येऊ का, असं तिने विचारलं नाही. गेल्या वेळचं आमचं उत्तर ती विसरली नसणार.

मंडळात बातमी पोचायला किती वेळ लागतो! त्याच संध्याकाळी ती पोर दारात उभी. "काकू, मी सोडू का?"

हार्मोनियमवाली म्हणते, जुनं माणूस ते जुनं माणूस. टाळवाली म्हणते, पोरीला काय म्हणून काढायचं? दोघी आठवड्याला वाटून घेतील, असंही एकीचं म्हणणं आहे. मला ते पटलेलं नाही, वाटून घेतलेली ढोलकी दोघींचीही राहत नाही. पण दुसरं काही सुचतही नाही.

येत्या मंगळवारी दोघींनाही घरी बोलावलं आहे. आधी मला त्या वर्षाबद्दल जुनीची माफी मागायची आहे, पोरीच्या समोरच. मग पुढचं बोलू. ढोलकी सध्या माझ्याकडेच आहे, दिवाणाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली.