उताराविरुद्ध जाणारे तण

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निळसर फुलांच्या मोहाने ती बंगालमध्ये आणली गेली, आणि १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी तिथे कायदाच करावा लागला. चंद्रपुरात ती इकॉर्निया या नावाने ओळखली जाते. रामाळा तलाव तिने इतका व्यापला, की तलाव वाचवण्यासाठी २०२१ साली इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे उपोषणाला बसले. पुढे तलाव रिकामा करून गाळ उपसण्यात आला. मात्र तिचे बी गाळात वर्षानुवर्षे तग धरते.

बेशरमाची कथा वेगळी. कुंपणासाठी लावलेले हे झुडूप गुरे खात नाहीत आणि तुटलेली फांदीही ओलीत मूळ धरते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (मामा) तलाव सरकारकडे गेले, देखभाल सैलावली आणि काठ बेशरमाने भरले. मासेही बाहेरून आले : १९५२ साली तिलापिया, १९५९ साली गवत्या आणि चंदेरा. तेही चुकून नव्हे, उत्पादनासाठी मुद्दाम आणले गेले.

पाण्याबरोबर तण फक्त खाली जाते. नागपूरचे सांडपाणी नाग व कन्हान नद्यांतून वैनगंगेत, तिथून गोसीखुर्द धरणात पोचते. त्या पाण्यावर पोसलेली जलपर्णी पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून वाहू शकते. धरणाच्या वरच्या अंगाला किंवा दुसऱ्या खोऱ्यात जायला तिला वाहन लागते. आजवर हे काम ओली जाळी, डोंगे आणि मत्स्यबीजाच्या पाण्याने भरलेल्या पिशव्या करू शकत होत्या. सहलीच्या होड्या ही त्यातली नवी भर.

होडी काय करू शकते, ते अमेरिकेत दिसले. झेब्रा शिंपला १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात सापडला. तो आला मालवाहू जहाजांनी तोल राखण्यासाठी तळात भरलेल्या पाण्यातून, पण आतल्या लहान तळ्यांत त्याला गाडीमागे ओढून नेलेल्या हौशी होड्यांनी पोचवले. त्याचाच भाऊबंद क्वागा शिंपला २००७ साली पश्चिमेकडील मीड सरोवरात आढळला. अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत; होडीच्या तळाशी साचलेले थोडे पाणीही त्यांना पुरते. वाढलेले शिंपले बुडाला चिकटून, दमट हवेत काही दिवस जगतात. वनस्पतींना तेवढेही लागत नाही. होडीच्या मोटारीच्या पंख्यात अडकलेला तुकडा बस्स.

गडचांदूरजवळच्या अमलनाला धरणावर पावसाळ्यात सहलींची गर्दी होते. दुसऱ्या जलाशयातली होडी तिथे सोडायची, तर आधी बुडाला चिकटलेले खरवडून काढणे, आतले पाणी काठापासून दूर ओतणे आणि ती पूर्ण वाळवणे एवढेच काम असते. चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावरची होडी पाहता पाहता वाळते. सांडवा वाहू लागल्यावर, म्हणजे ऐन सहलींच्या दिवसांत, ती वाळत नाही.