दोष कार्डाचा कीं ड्रायव्हरचा?



नाशिकच्या द्वारका चौकांत ज्यांनीं एकदां तरी रस्ता ओलांडण्याची वाट पाहिली असेल, त्यांना तेथील धुळीचें वर्णन करून सांगावयास नको. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता तेथें एकमेकांस मिळतात. त्या चौकापासून हांकेच्या अंतरावर आमचें घर आहे. आजच्या विषयांत या धुळीचा संबंध पुढें येणार आहे, म्हणून तिला आरंभींच नमस्कार करून ठेवतों.

गेल्या मे महिन्यांत आमच्या घरच्या संगणकाचा पडदा बिघडला. प्रथम क्षणभर काळोख होई आणि चित्र परत येई. दोन दिवसांनीं पडद्यावर हिरव्या-जांभळ्या चौकोनांची रांगोळी उमटूं लागली. माझी नात आर्किटेक्चरच्या महाविद्यालयांत शिकते. तिला वर्षअखेरचे नकाशे आठ दिवसांत सादर करावयाचे होते, आणि तें सारें काम याच संगणकावर होतें. एका दुकानदारानें यंत्र न पाहतां, दूरध्वनीवर दोन वाक्यें ऐकूनच निकाल दिला: ग्राफिक्स कार्ड गेलें, नवें घ्या. नव्याची जी किंमत त्यानें सांगितली ती माझ्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून अधिक होती. वैद्यानें नाडी न पाहतां शस्त्रक्रिया सांगावी त्यांतलाच हा प्रकार. मीं ठरविलें कीं, पैसे मोजण्यापूर्वीं नाडी आपणच पहावी.

नाडी पहावयाची तर शरीररचना थोडी ठाऊक हवी. आजच्या साधारण पडद्यावर एका ओळींत १,९२० ठिपके असतात व अशा ओळी १,०८० असतात; म्हणजे एकंदर ठिपके २०,७३,६०० झाले. या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळां नव्यानें पाठवावा लागतो. गुणाकार करून पहा. एका सेकंदांत १२ कोटी ४४ लाखांहून अधिक रंग! त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या आणि नाशकांतच देह ठेवलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाचीं चित्रें दिवसामागून दिवस घेऊन त्याची वाढ पडद्यावर चालती-हालती दाखविली. स्थिर चित्रांची शीघ्र मालिका म्हणजे हलतें चित्र, हें तत्त्व तेव्हांपासून तिळमात्र बदललेलें नाहीं. बदलला तो वेग, आणि चित्रें तयार करणारा कारागीर.

तो कारागीर म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्यावर एक मुख्य चिप असते, तिची स्वतःची स्मृति असते, वीज योग्य प्रमाणांत पुरविणारे भाग असतात, आणि या सर्वांची उष्णता बाहेर टाकण्यासाठीं धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी व पंखे असतात. कार्ड ज्या खांचेंत बसतें ती खांच त्याला फार तर ७५ वॅट वीज देऊं शकते; अधिक खाणाऱ्या कार्डांना वीजपुरवठ्याच्या पेटींतून निराळी तार जोडावी लागते. ही तार सैल राहिली तरी पडदा काळा होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या कार्डाच्या माथीं येतो.

आतां ड्रायव्हर. या शब्दानें गाडी हांकणारा डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु येथें दुभाषा हा शब्द अधिक जुळेल. विंडोजसारखी प्रणाली सांगते, ‘येथें एक वर्तुळ काढ.’ कार्डाला ही भाषा समजत नाहीं. प्रत्येक जातीच्या कार्डाची बोली वेगळी. मधला दुभाषा ही आज्ञा त्याच्या बोलींत सांगतो. हा दुभाषा म्हणजे एक लिखित कार्यक्रम होय, आणि तो कार्डावर राहत नसून संगणकाच्या डिस्कवर राहतो. म्हणून कार्ड बदललें तरी जुन्याचा दुभाषा घरांत तसाच राहून नव्या पाहुण्याशीं भांडूं शकतो. आणि उलट, कार्डाला कोणी हातही लावला नसतां एका रात्रींत दुभाषा बदलला जाऊं शकतो.

यंत्राचें काम कोठें संपतें आणि लिखित आज्ञांचें कोठें सुरू होतें, ही सीमा स्थिर नाहीं. आपल्या देवनागरीचेंच उदाहरण घ्या. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें, कानपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधनाच्या आधारावर, जिस्ट नांवाचें कार्ड प्रचारांत आणलें. तें संगणकांत बसविलें म्हणजे डॉसच्या इंग्रजी पडद्यावर मराठी अक्षरें उमटत. त्या काळीं मराठी दिसेनाशी झाली तर कार्ड उघडून पहावें लागे. आज तेंच काम निराळ्या कार्डावांचून होतें, आणि मराठी दिसेनाशी झाली तर फॉन्ट तपासावा लागतो. लक्षण तेंच, दोषाचें घर मात्र बदललें.

लक्षणावरून घर ओळखतां येत नाहीं याचें मोठ्या प्रमाणावरील उदाहरण एन्व्हिडिया या प्रसिद्ध कंपनीच्या इतिहासांत सांपडतें. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा ही प्रणाली बाजारांत आली. पुढें एका खटल्यांत मायक्रोसॉफ्टचीं अंतर्गत पत्रें उघड झालीं, त्यांत व्हिस्टाच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकीं सुमारें २९ टक्के या कंपनीच्या ड्रायव्हरांकडे बोट दाखवीत होते. म्हणजे तेव्हां दोष दुभाष्याचा. मग जुलै २००८ मध्यें त्याच कंपनीनें जाहीर केलें कीं, आपल्या कांहीं जुन्या चिपांच्या बांधणींत वापरलेलें साहित्य कमकुवत ठरलें आहे, आणि दुरुस्तीच्या खर्चासाठीं १५ ते २० कोटी डॉलर बाजूस ठेवावे लागतील. चिप तापे, निवे, पुन्हां तापे. त्या ओढाताणींत तिचे सूक्ष्म सांधे तडकत. हा दोष देहाचा. ज्यांच्या घरीं त्या दोन वर्षांत पडदा काळा झाला असेल, त्यांना नुसत्या काळोखावरून या दोहोंपैकीं कोणता दोष आपल्या वांट्यास आला हें कसें कळावें?

कळण्याचे मार्ग आहेत, आणि त्यांतील पहिल्या दोहोंस एक पैसाही लागत नाहीं. मॉनिटरच्या कडेला बटणें असतात. तीं दाबलीं कीं उजेड कमी-जास्त करण्याची त्याची स्वतःची यादी पडद्यावर येते. ही यादी मॉनिटर स्वतः लिहितो, कार्ड नव्हे. तीच फाटकीतुटकी दिसली तर कार्डाची चौकशी सोडून द्यावी. दुसरें असें कीं, संगणक सुरू करतांच, विंडोज जागी होण्यापूर्वीं, निर्मात्याचें चिन्ह किंवा कांहीं अक्षरें क्षणभर दिसतात. त्या वेळीं विंडोजचा दुभाषा अजून कामावर आलेला नसतो. तेव्हांच रंगीत चौकोन दिसले तर ड्रायव्हर निर्दोष समजावा. दोष कार्डांत, तारेंत किंवा मॉनिटरमध्यें आहे.

आमच्या घरीं या दोन्ही परीक्षांत पडदा स्वच्छ निघाला. मग विंडोज सुरक्षित अवस्थेंत, म्हणजे सेफ मोडमध्यें, सुरू केली. तेथें कंपनीचा ड्रायव्हर बाजूस राहून मायक्रोसॉफ्टचा एक साधा ड्रायव्हर काम पाहतो. तेथेंही चित्र निर्मळ. मीं नातीला मोठ्या ऐटीनें सांगितलें, ‘दोष ड्रायव्हरचाच. सिद्ध झालें.’ भूमितीच्या तासाला फळ्यावर असेंच लिहीत असें. या सिद्धतेंत एक भोंक होतें, तें तीन दिवसांनीं दिसलें.

डिव्हाइस मॅनेजर नांवाच्या यादींत कार्डाच्या नांवावर जाऊन पाहिलें, तेव्हां पहिला काळोख झाला त्याच्या आदल्या रात्रीं विंडोजनें आपण होऊन नवा ड्रायव्हर घातल्याचें निष्पन्न झालें. काळोखाचें कारणही उलगडलें. कार्डाकडून दोन सेकंद उत्तर आलें नाहीं तर विंडोज त्याला मूर्च्छित समजते, ड्रायव्हरास नव्यानें उठविते, आणि तशी नोंद आपल्या घटनांच्या वहींत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्यें, ४१०१ या क्रमांकाखालीं करते. आमच्या वहींत अशा अकरा नोंदी होत्या. त्याच ठिकाणीं ‘रोल बॅक’ म्हणून सोय असते. ती वापरून मीं जुन्या ड्रायव्हरास परत बोलावलें. काळोख थांबला. त्या संध्याकाळीं घरांत श्रीखंड झालें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं रंगीत चौकोन पुन्हां हजर!

आतां माझ्या हातून जी चूक झाली ती सांगणें भाग आहे. नकाशांना पांचच दिवस उरले होते. घाईघाईनें मीं एकाच संध्याकाळीं तीन गोष्टी केल्या. ड्रायव्हरचे सर्व अवशेष झाडून काढणारा डीडीयू नांवाचा कार्यक्रम चालवून ड्रायव्हर नव्यानें घातला, मॉनिटरची केबल बदलली, आणि कार्ड खांचेंतून काढून पुन्हां बसविलें. रात्रभर पडदा उत्तम राहिला. कशानें बरा झाला? सांगतां येईना. दुसऱ्या दिवशीं दुपारीं चौकोन परत आले, तेव्हां कोणता उपाय व्यर्थ गेला हेंही सांगतां येईना. प्रयोग करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हें मीं वर्गांत तीस वर्षें मुलांना बजावलें. स्वतःच्या घरीं तें पांच दिवसांच्या मुदतीपुढें टिकलें नाहीं.

मग मात्र शाळेंतील एक जुनी वही काढली आणि वेळ लिहूं लागलों. चौकोन केव्हां येतात? सकाळीं नाहीं, रात्रीं क्वचित्, दुपारीं, आणि तेंही नातीनें इमारतीची त्रिमिति आकृति फिरवावयास घेतल्यावर अर्ध्या तासानें. वहीचें पान भरण्यापूर्वींच उत्तर डोळ्यांपुढें आलें. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें ग्राफिक्स कार्डाचें तापमान दिसतें. आरंभीं ४१ अंश होतें. आकृति फिरूं लागली तसें तें चढत ९० च्या वर गेलें, आणि चौकोन उमटले. सुरक्षित अवस्थेंत कार्डाला जड काम नसतें, म्हणून तें तापत नाहीं, म्हणून दोष दिसत नाहीं. माझ्या सिद्धतेंतील भोंक तें हेंच. तेथें दोष दिसला तर तो देहाचा हें बहुधा निश्चित. परंतु न दिसला तर दुभाष्यास दोषी ठरविण्याइतका पुरावा होत नाहीं.

पेटीचें झांकण काढण्यापूर्वीं भिंतीवरील बटण बंद करून तार काढली, संगणकाचें सुरू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून आंतील उरलीसुरली वीज जाऊं दिली, आणि अंगावरील स्थिर विजेनें चिपांना इजा होऊं नये म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावला. आंत पाहतों तों द्वारका चौकच अवतरलेला! धातूच्या जाळींत धुळीचा नमदा बसला होता. मऊ कुंचल्यानें तो काढला. हवेचा फवारा मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवलीं, नाहींतर तीं भलत्याच वेगानें फिरून पंखा बिघडतो. पुन्हां सुरू केल्यावर दिसलें कीं, दोन पंख्यांपैकीं एक मुळीं फिरतच नाहीं. येथें एक सावधगिरी हवी. अलीकडील पुष्कळ कार्डांचे पंखे थंड असतांना मुद्दामच थांबलेले असतात. म्हणून कार्ड तापल्यानंतर पाहून मगच पंख्यास दोषी ठरवावें. आमचा पंखा तापल्यावरही निश्चल होता.

म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते; आणि योगायोगानें एकाच आठवड्यांत उगवले होते. काळोख दुभाष्याचा होता आणि चौकोन देहाचे. दोहोंस एकच रोग समजून औषध देत होतों, म्हणून गुण येऊनही रोग जाईना.

पंखा मिळेपर्यंत नकाशांचें काय? कार्ड काढून ठेवलें आणि मॉनिटरची तार संगणकाच्या मुख्य पाटाच्या मागील खांचेंत लावली. पुष्कळ प्रोसेसरांत चित्र काढण्याची थोडी शक्ति अंगचीच असते. ती ज्यांत नसते त्यांत मात्र हा उपाय चालत नाहीं. आकृति कासवाच्या गतीनें फिरूं लागली, परंतु फिरूं लागली. नातीनें दोन रात्रीं जागून सातव्या दिवशीं नकाशे दिले. कार्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानें नवा पंखा बसविला, चिपेवरील वाळून गेलेला उष्णतावाहक लेप पुसून ताजा लावला, आणि साडेसातशें रुपये घेतले.

मेलेलें कार्ड स्वयंपाकघरांतील भट्टींत भाजलें कीं जिवंत होतें, असा एक उपाय वर सांगितलेल्या सदोष चिपांच्या काळापासून कानोकानीं फिरतो. तडकलेले सांधे उष्णतेनें घटकाभर जुळतात, इतकें त्यांत तथ्य आहे. ते पुन्हां सुटतात, आणि मधल्या वेळांत प्लॅस्टिकचा विषारी धूर ज्या भट्टींत शिरतो तिच्यांत उद्यां नानकटाई भाजावयाची असते. कार्ड दुसऱ्याच्या संगणकांत लावूनही तेंच लक्षण दाखवूं लागलें, तर तें गेलें असें खुशाल मानावें आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रास द्यावें. त्यासंबंधींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत.

आमचें कार्ड अजून चालू आहे. जुलैमध्यें त्याच्या कंपनीनें नवा ड्रायव्हर काढला. तो घालण्यापूर्वीं जुन्याचा क्रमांक व तारीख वहींत लिहून ठेवली, आणि त्या दिवशीं दुसऱ्या कशासही हात लावला नाहीं. काळोख पुन्हां झालेला नाहीं. जाळी मात्र दर दोन महिन्यांनीं पुसावी लागते; चौक जेथें होता तेथेंच आहे.