मामांची भीड कुठल्या रकान्यात?

मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने 2023 चा शब्द म्हणून ‘ऑथेंटिक’, म्हणजे अस्सल, निवडला आणि आठवडाभर सगळीकडे एआय, डीपफेक, टेलर स्विफ्ट सुरू झालं. मला वेगळाच नाद लागला. माणूस किती अस्सल आहे हे मोजतात म्हणे!

2008 मध्ये ॲलेक्स वुड आणि सहकाऱ्यांनी केलेली प्रश्नावली यासाठी फार वापरली जाते. बारा विधानं, प्रत्येकापुढे 1 ते 7 आकडे. आपण स्वतःलाच परके झालोत का, मनाला पटेल तसं वागतो का आणि दुसऱ्यांच्या म्हणण्यापुढे किती वाकतो, एवढं तपासायचं. परकेपणा आणि वाकणं जितकं जास्त, तितका अस्सलपणा कमी. ॲना सटन यांनी 2020 मध्ये 75 अभ्यास एकत्र केले, तेव्हा अस्सलपणा आणि मानसिक स्वास्थ्य यांचा सहसंबंध 0.40 च्या आसपास निघाला. आकडा चांगलाच, पण कशामुळे काय, हे त्यातून ठरत नाही. मनासारखं वागणं सुखी माणसालाच परवडत असेल.

ही प्रश्नावली मी भिलाईला मामांपुढे ठेवली. भिलाई म्हणजे 1959 मध्ये पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली तेव्हापासून देशभरातून आलेल्या माणसांचं गाव. मामांची हयात रेल मिलमध्ये गेली. घरात नागपुरी मराठी, प्लांटमध्ये हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. दुसऱ्यांच्या प्रभावाचं विधान वाचून दाखवलं, तर चष्मा काढून म्हणाले, ‘‘दुसरे म्हणजे कोण? फोरमन की तुझी मामी?’’

मला विचाराल तर मोजपट्टीची गोची इथेच आहे. आपल्याकडे भीड नावाची चीज आहे. ती भीती नव्हे, ढोंगही नव्हे. शेजारच्या मल्याळी काकूंना वाईट वाटेल म्हणून मामा त्यांच्याकडची कडक कॉफी तीस वर्षं गोड मानून पितात. प्रश्नावलीत याचे गुण कापले जातात. भीड भिकेची बहीण हे मान्य, पण बहीण घरातलीच ना!

अमेरिका, चीन, भारत आणि सिंगापूरमधल्या लोकांवर 2014 मध्ये झालेल्या अभ्यासात ‘मी एकूण अस्सल आहे’ असं सांगण्यात अमेरिकन पुढे होते. पण ‘त्या क्षणी मी खरा मी होतो’ किंवा ‘नव्हतो’ हा अनुभव चारही देशांत बराचसा सारखा निघाला. टॅमी इंग्लिश आणि सेरेना चेन यांनी 2007 मध्ये आशियाई वंशाच्या अमेरिकनांबद्दल दाखवलं ते मामांना तंतोतंत लागू पडतं: समोरचा माणूस बदलला की स्वतःबद्दलचं चित्र बदलतं, पण त्या-त्या माणसापुढे ते काही काळाने पाहिलं तरी तेच राहतं. काकूंपुढचे मामा आणि फोरमनपुढचे मामा वेगळे, पण दोघेही भरवशाचे.

मामांनी बहुतेक ठिकाणी 4 लिहिले. ‘‘मधलं बरं. कोणी भांडत नाही.’’

स्वतःची ओळख हरवल्याच्या विधानापाशी मात्र ते थांबले. मामी चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली.

‘‘रिटायर झालो नं, त्या महिन्यात. फर्स्ट शिफ्टच्या टाइमला जाग यायची. बूट घालून बसायचो पलंगावर. जायचं कुठंच नाही.’’

तिथे त्यांनी 6 लिहिला, आणि मामीला दिसू नये म्हणून कागद उलटा ठेवला.